सतरा दात्यांचे चक्र

पुणे सपाट आहे की चढउताराचे, हा प्रश्न आधी बावधनच्या माणसाला विचारावा आणि मग आमच्या मांजरीच्या. दोघेही खरे बोलतील आणि दोघांचे भांडण होईल. बावधनकराच्या दारातच चांदणी चौकाची चढण उभी. धनकवडीकराला कात्रजचा घाट हाकेच्या अंतरावर. पर्वती, वेताळ टेकडी, चतुःशृंगी ही तर पुण्याची लेणीच म्हणायची. पण जरा शहराच्या पूर्वेला या. मुळा आणि मुठा संगमावर एक होतात आणि कसलीच घाई नसल्यासारख्या आमच्या मांजरीवरून पुढे निघून जातात. जिथे नदीलाच उतरायची घाई नाही तिथे रस्त्याला कुठून असणार? म्हणून मी वर्गात नेहमी ठासून सांगत असे, की पुणे सपाट आहे. आणि स्वतःची सायकल घ्यायची वेळ आली तेव्हा नेमकी हीच गोष्ट मी विसरले.

मी तृतीय वर्ष कला शाखेत आहे, विषय भूगोल. मांजरी बुद्रुक ते कॉलेज हे अंतर जवळजवळ सतरा किलोमीटर. पंधरा नंबरपाशी सोलापूर रस्त्याला लागायचे. मग हडपसरचा गाडीतळ, मगरपट्टा, वैदूवाडी, रामटेकडी, फातिमानगर, भैरोबा नाला, रेसकोर्स, पुलगेट. तिथून शंकरशेठ रस्त्याने स्वारगेट, टिळक रस्ता, अलका चौक आणि लकडी पूल. या सगळ्या वाटेत चढ म्हणावेत असे दोन. एक मांजरीचा रेल्वेपूल आणि दुसरा भैरोबा नाल्यापाशी, जिथे रस्ता जरासा खाली उतरतो आणि पुन्हा वर येतो. याला चढ म्हटले तर बावधनकर पोट धरून हसेल. दोन बस बदलून जितका वेळ लागतो त्यापेक्षा या वाटेने सायकलवर कमी लागतो, हे मी शपथेवर सांगू शकते.

द्वितीय वर्षाला असताना, शिकवण्यांचे साठवलेले सोळा हजार रुपये देऊन मी एक वापरलेली रोड बाइक घेतली. आमच्या आळीत तिला ‘रेसची सायकल’ म्हणतात. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले, टायर बोटभर रुंदीचे. विकणाऱ्याने तिचे गुण सांगताना एकच वाक्य म्हटले, “ताई, ह्याच्यावर सिंहगड बसून चढाल.” मला वाटते, सोळा हजारांतले निदान दोन हजार मी त्या वाक्याचेच दिले. मी रोज कुठून कुठे जाते हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

गिअरचे गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मात्र वाचावा; त्रैराशिकापेक्षा अवघड काही नाही.

पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले मागच्या चाकाचा घेर. एवढी मजल सायकल एका पायडलमध्ये मारते. माझ्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. पुढे दोन चक्रे, ५० आणि ३४ दात्यांची. मागे आठ चक्रांची चळत, जिला दुकानात कॅसेट म्हणतात: ११, १३, १५, १८, २१, २४, २८ आणि ३२. पुढे ३४ आणि मागे ३२ असले तर एका पायडलला सव्वादोन मीटर, म्हणजे बैलगाडीची चाल. पुढे ५० आणि मागे ११ असले तर साडेनऊ मीटर. इंग्रजी पुस्तकांत ही मजल मीटरांऐवजी इंचांत सांगतात, त्याचीही एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्या उंच पुढच्या चाकाच्या सायकलींचे पायडल थेट चाकालाच जोडलेले असे. चाक मोठे तर मजल मोठी. पण माणसाचे पाय जितके लांब तितकेच चाक मोठे करता येणार. पुढे साखळी आली आणि पायांची ती अट सुटली, तरी माप मात्र त्या जुन्या चाकाच्या व्यासाचेच राहिले.

गिअर बदलण्याची सोय आज आपल्याला साधी वाटते. टूर द फ्रान्समध्ये तिला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्याआधी स्पर्धकांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि चढायला लागायचे. म्हणजे सकाळी निघतानाच आज कोणता रस्ता आहे हे ओळखून दाते निवडावे लागत. आमच्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणून गौरवतात. सपाटीवर पुढे असणाऱ्याला मात्र कुणी सपाटीचा राजा म्हणत नाही. माझ्या चुकीचे मूळ कदाचित इथेच असेल.

तर जानेवारीत मी दोन मैत्रिणींबरोबर सिंहगडावर गेले. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर आठ-नऊ किलोमीटरचा घाट. पुढे ३४, मागे ३२. एका वळणावर एक कुत्रे माझ्याबरोबर चालू लागले आणि कंटाळून पुढे निघून गेले, इतका माझा वेग! पण पाय टेकला नाही. वर पिठले-भाकरी खाल्ली, मडक्यातले दही खाल्ले आणि त्या बत्तीस दात्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. विकणारा खोटे बोलला नव्हता.

पण सिंहगड वर्षातून एकदा आणि कॉलेज दोनशे दिवस. दोनशे दिवस चौतीस किलोमीटर म्हणजे सहा हजार आठशे. त्यात मागच्या २४, २८ आणि ३२ या तिन्ही चक्रांना साखळी क्वचितच शिवली. जे काम होते ते मधल्या दोन-तीन चक्रांवर आणि तिथेच गोची होती. माझ्या पायांना मिनिटाला पंचाहत्तर फेऱ्यांची चाल मानवते. सकाळी सव्वासहाला निघाले की रामटेकडीपर्यंत रस्ता त्यातल्या त्यात मोकळा असतो आणि तिथे ताशी अठ्ठावीसचा वेग अंगाला बरोबर बसतो. आता माझ्या कॅसेटमध्ये १८ वर पंचाहत्तर फेऱ्यांना होतात सव्वीस आणि १५ वर साडेएकतीस. मधले काहीच नाही. अठरावर पाय रिकामे फिरल्यासारखे वाटत. पंधरावर घेतले की मजल एकदम पाचव्या हिश्श्याने वाढे आणि प्रत्येक पायडलला गुडघ्यावर कुणी हात ठेवून दाबल्यासारखे होई. एका भाजीत मीठ नाही आणि दुसरीत मुठीने, तशातली गत.

घाटाच्या चढावर चक्रांमधले हे मोठे अंतर खटकत नाही. तिथे चढच मिनिटामिनिटाला बदलत असतो, त्यामुळे उडी मोठी असलेलीच बरी. सपाटीवर मात्र माणूस एकाच वेगात अर्धाअर्धा तास असतो. तिथे एका दात्याचा फरक पायाला कळतो.

आणि सपाटी म्हणजे चढ नाही, हेही खोटेच. सपाटीचा घाट म्हणजे वारा. भूगोलाच्या विद्यार्थिनीला हे पुस्तकात वाचायला मिळते, पण कळते ते सायकलवर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि माझी कॉलेजची वाट पूर्वेकडून पश्चिमेला जाते. सगळा पावसाळा वारा तोंडावर! वेग दीडपट केला तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. त्यात समोरून वारा असेल तर तो वेग आपल्या वेगात मिळवायचा. रेसकोर्सच्या मोकळ्या मैदानाजवळ आषाढात जो वारा लागतो, त्याला पायथा नाही आणि माथाही नाही. घाट निदान संपतो तरी. हॉलंडसारख्या सपाट देशातल्या लोकांनी ही गोष्ट थट्टेवारी नेली. तिथे समुद्रावरच्या एका लांबलचक बंधाऱ्यावर, मुद्दाम वादळी दिवस पाहून, एकाच गिअरच्या साध्या सायकलींवर वाऱ्याविरुद्ध जाण्याची राष्ट्रीय स्पर्धा २०१३ पासून भरवतात. डोंगर नसले की माणसे वाऱ्याचे डोंगर करतात.

मी स्वभावाने हट्टी. अठरा आणि पंधरा यांत मी नेहमी पंधरा निवडत असे. मागे पडलेले आवडत नसे, एवढेच त्याचे कारण. फेब्रुवारीत उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले. मार्चमध्ये जिना उतरताना कठडा धरावा लागे. डॉक्टरांनी तीन आठवडे सायकल बंद केली आणि जड गिअर मारू नका म्हणून बजावले. तीन आठवडे बस. घरी पोचायला उशीर होऊ लागला आणि संध्याकाळच्या दोन शिकवण्या सुटल्या. आई म्हणाली, विकून टाक ती. आप्पा काही बोलले नाहीत. बोलणे हा त्यांचा प्रांतच नव्हे.

हडपसरच्या एका मिस्त्रींकडे सायकल घेऊन गेले. त्यांनी सायकलकडे पाहण्याआधी मला विचारले, “रस्ता कसला?” सायकल घेतल्यापासून हा प्रश्न मला कुणी पहिल्यांदाच विचारत होते. मी वाट सांगितली. त्यांनी कॅसेटवर बोट फिरवले. वरची मोठी चक्रे नव्यासारखी चकचकीत होती आणि १५ चे दाते झिजून टोकदार झाले होते. म्हणाले, “ही घाटाची आहे ताई. तुम्हाला बारा-पंचवीस पाहिजे.” म्हणजे १२, १३, १५, १७, १९, २१, २३, २५. मोठा डोंगर नाही, पण पायऱ्या जवळजवळच्या. मी तिथेच फोनवर हिशेब केला. ५० ला १७, पंचाहत्तर फेऱ्या: ताशी पावणेअठ्ठावीस. माझे हरवलेले चक्र सतरा दात्यांचे होते!

साखळीही बदलावी लागणार होती, कारण ताणलेली जुनी साखळी नव्या दात्यांवर घसरते. सगळे मिळून अडीच हजार. पण अडला तो पैशांचा प्रश्न नव्हे. बत्तीस गेले की सिंहगड गेला. ३४ ला २५ म्हणजे एका पायडलला पावणेतीन मीटरांहून थोडे जास्तच. सव्वादोन मीटरांवर जेमतेम चढलेल्या मला ते झेपणार नव्हते. मैत्रिणी म्हणाल्या, “असू दे ग एखादा हलका गिअर, कधी लागेल सांगता येत नाही.” मलाही ते पटत होते. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबश्यांसारखे ते बत्तीस दाते. घरची माणसे पेल्यातून चहा पितात, पण कपबश्या काढून टाकायचे कुणाच्या मनात येत नाही. मिस्त्रींना म्हटले, विचार करून सांगते. आठ दिवस विचारच करत राहिले.

त्या आठ दिवसांत, एका रविवारी, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या आप्पांच्या सायकलकडे माझे लक्ष गेले.

काळी अठ्ठावीस इंची, मागे जाड सळ्यांचे कॅरिअर. १९८९ पासून पंधरा वर्षे आप्पांनी तिच्यावरून मांजरीहून कॅम्पात दूध घातले. पुढे दुधाचा धंदा टेम्पोवाल्यांच्या हाती गेला आणि ती चारा आणायला राहिली. मी पाचवीत असताना ते मला शाळेतून न्यायला येत, तेव्हा कॅरिअरवर मक्याचा भारा असे. एकदा मी त्यांना सांगितले, “आप्पा, गेटापर्यंत येत नका जाऊ.” त्यांनी का म्हणून विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते वळणावरच्या लिंबाखाली उभे राहू लागले आणि मी शाळा बदलेपर्यंत तिथेच उभे राहिले. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

आमच्या आजोबांच्या काळात पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, हे आपण पुष्कळदा ऐकतो. दिव्यावाचून पकडले, डबलसीट पकडले, या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. त्या काळच्या सायकली पाहायच्या तर कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जावे. पण त्या हजारो सायकलस्वारांनी गिअर निवडला नव्हता. कारखान्यातून जे चक्र आले त्यावर प्रत्येकाने आपापला रस्ता ओढला, अशी माझी समजूत होती. त्या रविवारी, दुसरा उद्योग नव्हता म्हणून, मी फडक्याने आप्पांच्या सायकलचे वंगण पुसले आणि दाते मोजले. पुढे ४४. मागे २०. शेजारच्या दोन जुन्या सायकलींचे मोजले. पुढे ४४, मागे १८. पुन्हा येऊन आप्पांचे मोजले. वीसच.

संध्याकाळी धारा काढताना विचारले. आप्पा म्हणाले, “बदललंय ते. तुझं आजोबा गेलं त्या साली.”

म्हणजे १९९६. तोवर आजोबा आणि आप्पा दोघे दोन सायकलींवर दूध नेत, प्रत्येकी तीस लिटर. आजोबा गेल्यावर रतीब सोडवेना. साठ लिटर एकट्याच्या सायकलवर आले. महिनाभर त्यांनी अठरावर ओढले. भैरोबा नाल्याच्या त्या चढाला, ज्याला मी चढ म्हणायलाही तयार नव्हते, रोज उतरून सायकल ढकलावी लागे. मग मिस्त्रीकडून वीस दात्यांचे फ्रीव्हील टाकून घेतले. बरोबरचे गवळी पुढे निघून जात आणि वळून हसत. त्याला म्हाताऱ्याची सायकल म्हणत. तेव्हा आप्पांचे वय तेवीस.

“मग तुम्ही काय म्हणायचा?”

“काय म्हणायचं? हसू दे की. त्यांचं दूध तीस लिटर, माझं साठ.” आणि थोड्या वेळाने, “धा मिनटं आधी निघायचो.”

मी हिशेब केला. त्या मोठ्या चाकाचा घेर सुमारे २.२४ मीटर. अठरावर एका पायडलला ५.४८ मीटर, वीसवर ४.९३. अर्धा मीटर सोडून दिला होता. मांजरी ते कॅम्प बारा किलोमीटर धरले तर रोज जाताना अडीचशे पायडल जास्त. दहा मिनिटे आधी निघण्याचे एक कारण हेच.

सोमवारी मी मिस्त्रींकडे गेले. जुनी कॅसेट त्यांनाच देऊन टाकली. त्यांनी तिचे तीनशे रुपये वजा केले. घरी ठेवली असती तर पुन्हा बसवायचा मोह झाला असता.

जूनपासून ती सायकल चालवते आहे. सतरावर पाय टाकला आणि रामटेकडीपर्यंत पायांची आठवणच झाली नाही, याहून वेगळे काही सांगता येत नाही. वारा वाढला की एकोणीस, आणखी वाढला की एकवीस. पायऱ्या लहान असल्या की माणूस हट्ट न करता खाली उतरतो. गुडघा आता जिन्याला तक्रार करत नाही. सुटलेल्या दोनपैकी एक शिकवणी परत मिळाली. दुसरी नाही मिळाली.

आणि या जानेवारीत मैत्रिणी पुन्हा सिंहगडाला निघाल्या, तेव्हा मीही गेले. पंचवीस दात्यांवर जेवढे झेपले तेवढे चढले आणि दोन वळणे सायकल हातात धरून चालत गेले. एक मोटारवाला काच खाली करून म्हणाला, “पंक्चर का?” मी म्हटले, “नाही, गिअर संपले.” वाईट वाटले नाही असे लिहिले तर खोटे होईल.

नवे चक्र बसवून आणले त्या संध्याकाळचे सांगायचे राहिले. आप्पा गोठ्यातून बाहेर आले, त्यांनी सायकलचे मागचे चाक एका हाताने उचलले, दुसऱ्या हाताने पायडल फिरवले आणि साखळीचा आवाज ऐकला. मग खाली वाकून विचारले, “दातं किती?” मी एकेका चक्राला बोट लावून सांगत गेले. बारा, तेरा, पंधरा, सतरा, एकोणीस, एकवीस...

“इसाचं कुठंय?”

“वीसचं नाही यात. एकोणीस आहे, नाहीतर एकवीस.”

आप्पांनी बोटाला लागलेले वंगण धोतराच्या सोग्याला पुसले आणि जरा विचार केला. “वझं असलं की एकईस घे,” म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

रात्री वहीच्या पाठीमागे मांडून पाहिले. पन्नास भागिले एकवीस, गुणिले २.१. बरोबर पाच मीटर. आप्पांचे ४.९३. फरक सात सेंटिमीटरचा.